विसातली एक गाडी

नोव्हेंबर २०२२. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराजवळच्या आय-२४ महामार्गावर सकाळच्या गर्दीत शंभर गाड्या शिरल्या. निसान रोग, टोयोटा आरएव्ही-४ आणि कॅडिलॅक एक्सटी-५. दिसायला सगळ्या साध्या, कुणाच्याही दारात उभ्या असतात तशा. प्रत्येक गाडीत चालक होता आणि स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. वेग कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा, हे मात्र गाडीचं क्रूझ कंट्रोल ठरवत होतं, आणि त्या क्रूझ कंट्रोलचे नियम संशोधकांनी नव्याने लिहिले होते. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर बसवलेले पावणेतीनशेच्या आसपास कॅमेरे सुमारे साडेसहा किलोमीटरच्या पट्ट्यातली प्रत्येक गाडी टिपत होते.

‘सर्कल्स’ नावाने एकत्र आलेल्या या संशोधकांमध्ये बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, व्हँडरबिल्ट, टेंपल, ॲरिझोना अशा विद्यापीठांतले गणिती, अभियंते आणि संगणकतज्ज्ञ होते. त्यांना चालकाशिवाय गाडी चालवून दाखवायची नव्हती. हजारो गाड्यांच्या लोंढ्यात मोजक्या गाड्या शहाण्यासारख्या चालल्या, तर त्यांच्या मागच्या, पूर्णपणे माणसांच्या हातातल्या गाड्याही सुरळीत चालू लागतात का, हे त्यांना तपासायचं होतं.

चालकविरहित गाडीची चर्चा बहुतेक वेळा एका गाडीपाशी थांबते. ती सुरक्षित आहे का, तिला माणूस दिसतो का, अपघात झाला तर जबाबदार कोण. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण रस्ता एका गाडीचा नसतो. एक गाडी उत्तम चालली म्हणून हजार गाड्या उत्तम चालतील असं नाही, आणि एक महामार्ग मोकळा झाला म्हणून शहर मोकळं होईल असंही नाही. त्यामुळे एकमेकींशी बोलणाऱ्या, स्वतःहून चालणाऱ्या गाड्या रस्त्यांच्या जाळ्याचं काय करतील, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

सुरुवात कोंडीपासूनच करायला हवी. अपघात नाही, खोदकाम नाही, टोलनाका नाही, तरीही गाड्या थांबतात. काही मिनिटं सरपटतात, मग अचानक रस्ता मोकळा होतो, आणि पुढे कोंडीचं कारण म्हणावं असं काहीच सापडत नाही. जपानमधल्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं उघड्या मैदानात मांडून दाखवलं. २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर त्यांनी २२ गाड्या उभ्या केल्या आणि चालकांना एवढंच सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा, पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखा. मार्गावर सिग्नल नव्हता, वळण-चौक नव्हता, अडथळा नव्हता. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग कुणीतरी जरासा वेग कमी केला, मागच्याने थोडा अधिक, त्याच्या मागच्याने आणखी अधिक, आणि बघता बघता काही गाड्या पूर्ण थांबल्या. पुढची गाडी सुटली तरी थांबण्याची जागा मागे मागे सरकत राहिली, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने, गाड्यांच्या उलट दिशेने. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

लांब दिंडीत पुढचा वारकरी क्षणभर थबकला की मागे कुठेतरी माणसं एकमेकांवर आदळतात, तसंच हे आहे. कारण दडलेलं असतं उशिरात. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसायला, मेंदूने तो ओळखायला आणि पाय ब्रेकवर जायला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात अंतर घटलेलं असतं, म्हणून मागचा चालक गरजेपेक्षा जोरात ब्रेक दाबतो. त्याच्या मागच्याचं गणित याहून बिघडतं. गाड्या विरळ असतील तर हा धक्का मधल्या मोकळ्या जागेत विरून जातो. दाटी असेल तर तो वाढत जातो.

हे गणित जुनं आहे. १९३५ मध्ये ब्रूस ग्रीनशिल्ड्स या अमेरिकी अभियंत्याने ओहायोतल्या रस्त्यांची छायाचित्रं घेऊन दाखवलं की रस्त्यावर गाड्यांची दाटी वाढत जाते तसा वेग उतरतो, आणि एका मर्यादेनंतर दर तासाला पुढे जाणाऱ्या गाड्यांची संख्याच घटू लागते. १९५५ मध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम यांनी एकाच शीर्षकाचे दोन शोधनिबंध लिहिले. पहिला लांब नद्यांमधल्या पुराच्या लाटेविषयी, दुसरा गर्दीच्या रस्त्यांवरच्या वाहतुकीविषयी. पाण्याला लागू पडणारी समीकरणं गाड्यांनाही लागू पडतात हे त्यांनी दाखवलं. मात्र नदीतल्या पाण्याला स्वभाव बदलायला सांगता येत नाही. गाडीला सांगता येतं.

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात २०१६ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच करून पाहिलं गेलं. सुगियामांच्या प्रयोगासारखाच गोल मार्ग, २६० मीटर परिघाचा, आणि विसाच्या आसपास गाड्या. ठरल्याप्रमाणे लाटा उठल्या, गाड्या थांबू-निघू लागल्या. मग त्यातल्या एकाच गाडीचा ताबा संगणकाकडे दिला. तिने फार साधी गोष्ट केली. पुढची गाडी सुटली की माणूस मोकळी जागा भरून काढायला धावतो आणि लगेच पुन्हा ब्रेक दाबतो. ही गाडी धावली नाही. रांगेचा सरासरी वेग काय असावा याचा अंदाज घेऊन ती तेवढ्याच वेगाने चालत राहिली. पुढे थोडी जागा रिकामी राहिली आणि लाटेचा धक्का त्या जागेतच जिरला. मागच्या गाड्यांना थांबावंच लागलं नाही. अशा नियंत्रणाने संपूर्ण रांगेचा इंधनखर्च ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदवलं. विसात एक गाडी, म्हणजे पाच टक्के. बाकी सगळी माणसंच चालवत होती, आणि त्यांना काही वेगळं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

या निकालात आशा भरपूर आहे. पण बाजारात आज मिळणारी गाडी असं वागते का?

वेग आपोआप कमी-जास्त करणारं अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आता महागड्या गाड्यांपुरतं उरलेलं नाही. पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही-७०० मध्ये ते २०२१ साली आलं. समोरच्या गाडीचं अंतर रडारने आणि कॅमेऱ्याने मोजायचं आणि त्याप्रमाणे वेग ठरवायचा, असं त्याचं काम. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॅनियल वर्क यांच्या गटाने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सात मॉडेलांचं क्रूझ कंट्रोल तपासलं. कसोटी अशी होती की पुढच्या गाडीचा वेग थोडा हलला, तर मागच्या गाडीचा वेग त्याहून कमी हलतो की जास्त? सातही गाड्यांमध्ये तो जास्त हलत होता. अशा गाड्या एकामागोमाग चालल्या तर पहिलीचा छोटा धक्का शेवटच्या गाडीपर्यंत मोठा होऊन पोचणार. म्हणजे टूसॉनच्या गाडीने लाट जिरवली, तर दुकानातली गाडी ती वाढवते. दोन्ही ‘स्वयंचलित’च. फरक संगणकाला दिलेल्या नियमात आहे.

रडारलाही एक मर्यादा असते. त्याला नेमकी पुढची गाडी दिसते. त्यापुढच्या चौथ्या-पाचव्या गाडीने ब्रेक दाबला हे त्याला तेव्हाच कळतं, जेव्हा तो धक्का एकेक गाडी करत जवळ येतो. माणूस तरी काचेतून लांबवर पाहून अंदाज बांधतो. इथे गाड्यांचं आपसातलं बोलणं कामाला येतं. जोडलेली गाडी वायरलेसवरून सेकंदाला दहा वेळा एक छोटा संदेश सोडते: मी इथे आहे, माझा वेग एवढा, दिशा ही, ब्रेक दाबलेला आहे किंवा नाही. आजूबाजूच्या काहीशे मीटरमधल्या गाड्या तो ऐकतात. पाचव्या गाडीने ब्रेक दाबताक्षणी मागच्या पाचही गाड्या एकदमच हळू होऊ शकतात. उशीर साठत नाही, म्हणून लाट वाढत नाही.

स्वयंचलित असणं आणि जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींमध्ये पहिलीचा गाजावाजा फार होतो. वाहतुकीसाठी दुसरी अधिक मोलाची आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘पाथ’ या संशोधन केंद्राचे स्टीव्हन श्लाडोव्हर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर महामार्गाची एक लेन उभी करून हिशेब मांडला. आधी त्यांनी खऱ्या रस्त्यावर चालकांना जोडलेलं आणि न जोडलेलं, अशी दोन्ही प्रकारची क्रूझ कंट्रोलं वापरायला दिली होती. न जोडलेल्या गाडीत चालकांनी स्वतः गाडी चालवताना ठेवतात जवळपास तेवढंच अंतर पसंत केलं. जोडलेल्या गाडीत मात्र अनेकांनी पुढच्या गाडीपासून ०.६ सेकंदांचं अंतर निवडलं, आणि त्यांना त्याची भीती वाटली नाही. त्यातून निघालेलं उत्तर असं की नुसतं अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल सगळ्या गाड्यांत बसवलं तरी लेनची क्षमता जवळपास आहे तिथेच राहते. सगळ्या गाड्या जोडलेल्या असतील, तर तासाला २,००० च्या आसपास गाड्या नेणारी लेन सुमारे ४,००० गाड्या नेऊ शकते. नवा डांबराचा पट्टा न टाकता लेन दुप्पट होते.

हे स्वप्न आजचं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ आय-१५ महामार्गाच्या राखीव लेनवर आठ ब्युइक गाड्यांचा ताफा ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावला. दोन गाड्यांमध्ये अंतर होतं अवघं साडेसहा मीटर, आणि चालकांचे हात-पाय मोकळे होते. रस्त्यात पुरलेली चुंबकं गाड्यांना लेन दाखवत होती, रेडिओवरून त्या एकमेकींशी बोलत होत्या. अमेरिकी काँग्रेसने १९९१ च्या कायद्याने या प्रयोगाची पायाभरणी केली होती. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला, पण त्यामागच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं सरकारी पाठबळ लवकरच संपलं. कारण त्याला स्वतंत्र लेन लागत होत्या आणि त्या लेनवर फक्त तशाच गाड्या हव्या होत्या. साधी गाडी मध्ये घुसली की सगळी रचना कोसळणार. मधल्या काळाचं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

तो मधला काळ हीच आजचीही खरी अडचण आहे. जोडलेल्या गाडीला पुढचं बोलणं ऐकू येण्यासाठी पुढची गाडीही बोलणारी असावी लागते. रस्त्यावर दर शंभरातल्या २० गाड्या जोडलेल्या असतील आणि त्या विखुरलेल्या असतील, तर दोन जोडलेल्या गाड्या एकामागे एक येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या २० टक्के, म्हणजे फक्त ४ टक्के. निम्म्या गाड्या जोडलेल्या झाल्या तरी अशा जोड्या २५ टक्केच भरतात. ९० टक्क्यांना पोचल्यावर कुठे ८१ टक्के. म्हणून लेनची क्षमता वाढण्याचा लाभ फार उशिरा, बहुतेक गाड्या बदलल्यावरच पदरात पडतो. लाटा जिरवण्याचा लाभ मात्र विसात एक गाडी आली तरी मिळू लागतो. हे दोन लाभ वेगळ्या काळात येतात, आणि त्यांची सरमिसळ करूनच बरेचसे अवास्तव दावे तयार होतात. पुढची दहा-वीस वर्षं राज्यकर्त्यांनी दुप्पट क्षमतेची स्वप्नं बाजूला ठेवून लाटा जिरवण्याकडे लक्ष द्यावं, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं.

महामार्ग सोडून शहरात शिरलं की चौक येतो. टेक्सास विद्यापीठातल्या कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन यांनी २००४ मध्ये सिग्नलच नसलेला चौक सुचवला. येणारी गाडी आधीच संदेश पाठवते, चौकातला संगणक तिला चौकातल्या जागेचं क्षणांपुरतं आरक्षण देतो, आणि गाड्या न थांबता एकमेकींच्या मधून निघून जातात. २०१६ मध्ये एमआयटीसह काही संस्थांच्या संशोधकांनी हिशेब मांडला की अशा पद्धतीने चौकाची क्षमता दुप्पट होऊ शकते. पडद्यावर ते दृश्य विलक्षण दिसतं. पण त्या पडद्यावर रस्ता ओलांडणारी आजी नसते, शाळेतून सायकलवर निघालेली मुलं नसतात. माणसांना चालायला वेळ दिला की त्या क्षमतेचा मोठा भाग परत द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. चौक हा आधी माणसांचा असतो. त्या मानाने साधे उपाय अधिक उपयोगी आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ऑडीने लास व्हेगासमध्ये सिग्नलकडून माहिती घेऊन ‘हिरवा व्हायला इतके सेकंद’ हे गाडीतल्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. गुगलने नकाशा वापरणाऱ्यांच्या फोनमधून मिळालेल्या माहितीवर सिग्नलच्या वेळा सुधारण्याचं काम कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरूसह अनेक शहरांत केलं आहे. गाडी जोडलेली नसली तरी खिशातला फोन जोडलेला आहेच.

याच फोनने रस्त्यांच्या जाळ्याचा एक कठीण धडाही शिकवला आहे. न्यूयॉर्कला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ, न्यू जर्सीमध्ये लिओनिया नावाचं छोटं गाव आहे. पुलाकडचा महामार्ग तुंबला की नकाशाचं ॲप चालकांना गावातल्या गल्ल्या दाखवायचं. प्रत्येक चालकाची पाच मिनिटं वाचत, आणि गावकऱ्यांना स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढता येत नसे. जानेवारी २०१८ मध्ये गावाने सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत साठेक रस्ते बाहेरच्यांसाठी बंद केले. पुढे न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच हा पेच नियमात मांडला होता. जो तो स्वतःसाठी जवळचा रस्ता शोधतो तेव्हा बनणारी वाटणी, आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी लागेल अशी वाटणी, या दोन एकच नसतात. १९६८ मध्ये जर्मन गणिती डीट्रिश ब्राएस यांनी पुढचं पाऊल टाकलं. जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं. याची उलट बाजू न्यूयॉर्कने पाहिली. २२ एप्रिल १९९० ला, वसुंधरा दिनी, मॅनहॅटनमधली गजबजलेली ४२वी स्ट्रीट बंद ठेवली तेव्हा भाकीत केलेला गोंधळ झालाच नाही.

माणूस कधी ॲपचं ऐकतो, कधी सवयीचा रस्ता धरतो. स्वयंचलित गाडी प्रत्येक वेळी आज्ञा पाळेल. म्हणून ती आज्ञा देणारं कोण, हा रस्त्यांच्या जाळ्यातला सर्वांत मोठा प्रश्न ठरतो. चार कंपन्या आपापल्या ग्राहकांची दोन-दोन मिनिटं वाचवू लागल्या, तर लिओनियासारखी गावं जागोजागी तयार होतील. हेच काम सगळ्यांचा एकत्रित वेळ पाहून झालं, काही गाड्यांना थोडा लांबचा रस्ता देऊन झालं, तर संपूर्ण जाळ्याला फायदा होईल. पण आपली दोन मिनिटं कुणासाठी सोडायची आणि हा निर्णय कोणी घ्यायचा, हा लोकशाहीचा प्रश्न आहे. तो कंपनीच्या संगणकावर सोडून चालणार नाही.

शहराचीही स्वतःची एक मर्यादा असते. निकोलास जेरोलिमिनिस आणि कार्लोस डगान्झो यांनी २००८ मध्ये जपानच्या योकोहामा शहराच्या सुमारे १० चौरस किलोमीटर मध्यभागाची आकडेवारी मांडली. रस्त्यातले संवेदक आणि जीपीएस बसवलेल्या टॅक्सी यांवरून त्यांना दिसलं की एकेका रस्त्यावर गोंधळ असला तरी संपूर्ण भागाचा हिशेब स्वच्छ आहे. आत ठरावीक संख्येपर्यंत गाड्या असतील तर जास्तीत जास्त लोक मुक्कामी पोचतात. त्याहून गाड्या वाढल्या की पोचणाऱ्यांची संख्या घटते. याचा अर्थ असा की महामार्ग दुप्पट वेगाने गाड्या शहराच्या तोंडाशी आणून ओतू लागला, तर शहर आधीपेक्षा वाईट तुंबेल. झुरिक शहर बरीच वर्षं हे ओळखून वागत आलं आहे. तिथले सिग्नल गरज पडेल तेव्हा गाड्यांना वेशीवरच थोपवून धरतात आणि ट्रामला पुढे सोडतात. जोडलेल्या गाड्यांमुळे आत किती गाड्या आहेत हे क्षणाक्षणाला कळेल, त्यामुळे असं नियंत्रण अधिक नेमकं करता येईल. वाहतुकीच्या दृष्टीने या तंत्राचा हा बहुधा सर्वांत मोठा उपयोग ठरेल, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

आता गाड्यांच्या संख्येकडे. गाडी स्वतः चालू लागली की लोक प्रवास वाढवतील का? जोआन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या १३ जणांवर एक कल्पक प्रयोग केला. भविष्यातली गाडी अजून आली नाही, म्हणून त्यांनी प्रत्येकाला आठवड्याभरासाठी ६० तास फुकट चालक दिला. मुलांना सोडून ये, किराणा घेऊन ये, मला कामावर सोड आणि रिकामी गाडी घरी ने, काहीही सांगा. त्या आठवड्यात या लोकांच्या गाड्यांचं धावणं एकूण ८३ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढीचा एक भाग तर मालक गाडीत नसताना झालेल्या फेऱ्यांचा होता. तेरा माणसं म्हणजे जग नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २०१९ मध्ये आणखी एक धोका दाखवला. पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा रिकामी गाडी रस्त्यावर फिरत ठेवणं स्वस्त पडेल, आणि गर्दीत हळूहळू फिरणं सर्वांत स्वस्त.

लिस्बनसाठी आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाने २०१५ मध्ये केलेला अभ्यास दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवतो. लोकांनी स्वयंचलित गाड्या वाटून घेतल्या, एका गाडीतून अनेकजण गेले आणि जोडीला मेट्रोही चालू राहिली, तर शहरातल्या दहापैकी नऊ गाड्यांची गरज उरत नाही, आणि गाड्यांचं एकूण धावणं फक्त ६ टक्क्यांनी वाढतं. प्रत्येकजण एकेकटा गेला आणि मेट्रो नसली, तर ते जवळपास ९० टक्क्यांनी वाढतं. तंत्र तेच, शहर तेच. एका चित्रात पार्किंगच्या जागी झाडं लावता येतात, दुसऱ्यात सगळं शहर रस्त्यात अडकलेलं असतं.

जोडणी तुटली तर काय होतं, याची चुणूकही मिळालेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ आणि वेमो या कंपन्यांना चोवीस तास पैसे घेऊन चालकविरहित टॅक्सी चालवायची परवानगी मिळाली. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ बीच भागात क्रूझच्या दहाएक गाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि वाहतूक अडली. शहरातल्या एका संगीत महोत्सवाच्या गर्दीमुळे मोबाइल नेटवर्कवर ताण आल्याचं कंपनीने सांगितलं. सगळ्या गाड्या एकाच व्यवस्थेवर अवलंबून असल्या की त्या एकदमच थांबतात.

भारतात हा विषय वेगळ्या वळणावर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये बोलताना चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, ही भूमिका पुन्हा मांडली. कारण चालकांचा रोजगार. लाखो कुटुंबं ज्या कामावर जगतात ते राखण्याची ही काळजी रास्त आहे. आपल्या रस्त्यांचा स्वभावही निराळा. टूसॉनच्या गाडीने पुढे जी जागा मोकळी सोडली, ती पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर क्षणात एखादी दुचाकी किंवा रिक्षा भरून टाकेल, आणि लाट जिरवायला जागाच उरणार नाही. परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. तिथे लेन आहेत आणि वेगही आहे. खंडाळ्याच्या घाटात चढ लागला की ट्रकचा वेग उतरतो, मागच्या गाड्या ब्रेक दाबतात, आणि सुट्टीच्या दिवशी तीच लाट मैलोन्‌मैल मागे जाते. अशा मार्गांवर क्रूझ कंट्रोल असलेल्या गाड्या आजही धावत आहेत आणि दर वर्षी वाढत आहेत. त्यांना चालक आहे, त्यामुळे रोजगाराचा प्रश्न इथे येत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या गाड्या घाटातली लाट जिरवणार की वाढवणार.

वाहनांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातच आहे. तिने एकाच मॉडेलच्या दहा गाड्या क्रूझ कंट्रोलवर एका रांगेत चालवाव्यात, पहिलीचा वेग ताशी दहा किलोमीटरने उतरवावा आणि दहाव्या गाडीचा वेग किती उतरला ते मोजावं. या चाचणीला ना नवा रस्ता लागतो, ना परदेशी तंत्र. दहाव्या गाडीचा वेग पहिलीपेक्षा जास्त उतरत असेल, तर ते क्रूझ कंट्रोल दुरुस्त केल्याशिवाय विक्रीला येऊ नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही अट नियमात घालावी. अशा गाड्या रस्त्यावर थोड्या आहेत तोवर हे करणं सोपं आहे.